कुजणारी भिंत आणि पुण्याचा हिशेब

"देवाच्या कामाला कुजणारं लाकूड? शोभतं का रे हे?"

वडीलधाऱ्या अप्पांनी हे विचारलं तेव्हा मठाच्या ओट्यावर चहा फिरत होता. अहमदपूर तालुक्यातला लहानसा मठ, बालाघाटच्या एका टेकाडावर. पंचमंडळी माझ्याकडं बघायला लागली. मी मृदसंधारणाच्या कामावर लातूर-नांदेड जिल्ह्यांत नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. ढाळीचे बांध, सलग समपातळी चर, माती नाला बांध, ह्यातच हयात गेली. उतार मला कळतात. धर्म कळतो असं म्हणायची छाती नाही. पण अप्पांचा प्रश्न उताराचा नव्हताच, आणि "हो, शोभतं" एवढं म्हणून सुटण्यासारखाही नव्हता.

प्रकरण असं होतं. पूर्वी मठात जायला पायवाट होती. कार्तिकात मन्मथस्वामींच्या कपिलधारला निघालेली माणसं वाटेत इथं टेकायची, चालतच वर यायची. पुढं गाडी थेट दारापर्यंत गेली पाहिजे असं सगळ्यांच्या मनानं घेतलं, जेसीबी लागला आणि टेकाडाची कूस कापून रस्ता झाला. कापलेली कड उभीच्या उभी सोडून दिली. आमच्याकडं हे असंच चालतं. मशीन तासावर असतं, कडेला ढाळ द्यायचा म्हणजे तास वाढतात. खाली मुरूम, वर हात-दीड हात माती. लातूर जिल्ह्यात पाऊस वर्षाला सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास, पण तो बेताबेतानं पडत नाही. दोन-चार झोडींत पडतो आणि मोकळा होतो. पहिल्याच श्रावणात माती रस्त्यावर आली. पुढच्या पावसाळ्यात मठाच्या ओट्याला बारीक चीर दिसली, तेव्हा बैठक बोलावली.

पंचांचं मत सिमेंटच्या भिंतीचं. इस्टिमेट आलेलं होतं, आमदाराच्या फंडाचा शब्दही मिळालेला होता. मी म्हणालो, ओट्याखाली सिमेंटचीच घाला, तिथं वर माणसं बसतात. खालच्या लांब पट्ट्याला मात्र लाकडी जाळीची भिंत बांधू आणि तिच्यातच झाडं लावू. आधी लाकूड उतार धरील, मग मुळं धरतील, मग लाकूड कुजलं तरी चालेल. हे "चालेल" अप्पांनी पकडलं.

ही भिंत काही माझ्या डोक्यातली नाही. आल्प्सच्या डोंगरात, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, उत्तर इटलीकडं, रस्त्यांच्या आणि ओढ्यांच्या कडा अशा भिंतींनी सावरतात. जर्मन बोलणारे लोक तिला स्लोव्हेनियातल्या क्राइन ह्या जुन्या प्रांताच्या नावानं ओळखतात. नेपाळनं डोंगरी रस्त्यांसाठी १९८० च्या दशकापासून झाडाझुडपांनी उतार बांधायचं शास्त्रच बसवलं. आपल्या कोकण रेल्वेनंही मातीच्या कापांवर वाळा लावलाय. मराठवाड्यात आम्ही बांधावर घायपात लावायचो, ओघळीत काट्याकुट्यांचे बांध घालायचो. तत्त्व तेच, फक्त इथं ते उभं केलेलं.

रीत सांगतो. पायथ्याशी चर खणायचा, त्याचा तळ डोंगराच्या बाजूला झुकता ठेवायचा. त्यात चराच्या लांबीला धरून एक वासा आडवा टाकायचा. त्याच्यावर काटकोनात, डोंगराच्या पोटात शिरतील असे आखूड ओंडके, दोन-तीन हातांवर एकेक, मागच्या टोकाला किंचित उतरते. त्यांच्यावर पुन्हा आडवे वासे. प्रत्येक सांध्याला खाच, आणि खाचेतून सळईचा तुकडा ठोकलेला. असे थर चढत गेले की समोरून चौकटी चौकटींची जाळी दिसते, अख्खी मागं रेललेली. मग चौकटीत दगड, मुरूम, माती धुमसून भरत जायची, आणि भरता भरताच फांद्या टाकायच्या. जिवंत फांद्या. बुडखा मागं डोंगराच्या मूळ मातीला भिडलेला, शेंडा वीतभर बाहेर. फांदीचा बुडखा मूळ मातीला टेकला नाही आणि नुसत्या भरावात राहिला, तर ती पहिल्या उन्हाळ्यात जाते. हे एक पथ्य पाळलं की निम्मं काम झालं.

तिकडं वाळुंजाच्या जातीच्या फांद्या वापरतात, त्या ओल दिसली की मुळं सोडतात. आमच्या कोरड्या टेकाडावर वाळुंज कुठलं जगायला? आम्ही निर्गुडी घेतली. तिला शेळी तोंड लावत नाही, आणि मराठवाड्यात कुठल्याही रोपाची पहिली परीक्षा शेळीच घेते. मधूनमधून गिरीपुष्पाचे दांडके, वरच्या कडेला वाळ्याचे ठोंब. वाळ्याची मुळं सरळ खाली तीन मीटरपर्यंत जातात, आडवी पसरत नाहीत. बेशरमही फुटली असती, कुठंही फुटते, पण मठाच्या वाटेवर बेशरम लावायची सूचना मांडायला मी धजलो नाही.

आता अप्पांचा प्रश्न. वरवर तो जुन्या माणसाचा हट्ट वाटतो, पण त्याच्यामागं मोठी परंपरा उभी आहे. आपल्याकडं पुण्याची दोन खाती सांगितलेली आहेत, इष्ट आणि पूर्त. यज्ञयाग हे इष्ट. विहीर, बारव, तलाव, देऊळ, बाग, अन्नछत्र हे पूर्त, म्हणजे लोकांच्या उपयोगाचं बांधकाम. आणि पूर्ताचं पुण्य किती काळ? तर ते काम उभं असेल तितका काळ, अशी लोकांची समजूत. म्हणून दानलेखाच्या माथ्यावर चंद्रसूर्य कोरायचे. दान आचंद्रार्क चालावं. मोडणाऱ्याला शाप, काही ठिकाणी तर गधेगाळ नावाच्या शिळेवर कोरलेली उघड शिवी. नांदेड जिल्ह्यात कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आहे. नोकरीत असताना त्याच्या काठावर मी कितीदा तरी भाकरी सोडलीय. हजार वर्षांनंतरही तळ्याला राजाचं नाव आहे. पूर्ताची कल्पना ही अशी: दगड टिकला की नाव टिकतं, नाव टिकलं की पुण्य टिकतं.

ह्या हिशेबात माझी भिंत कुठं बसते? कुठंच नाही. काही वर्षांनी ती दिसणारसुद्धा नाही, दिसेल ती झुडपांनी भरलेली दरड. तिला कोनशिला बसवता येत नाही. कोनशिला ठोकायची कशावर, निर्गुडीवर? पंचांतल्या एकानं हे हसत हसत बोलून दाखवलं, पण त्याचं दुखणं खरं होतं. ज्याच्या नावाची पाटी लागणार नाही तो फंड का देईल? आणि आपण तरी का हसावं? राष्ट्रकूट राजाला जे हवं होतं तेच आमदाराला हवं असतं, फक्त आमदाराचा संगमरवर पातळ असतो.

ह्याहून जड आक्षेप एका तरुण पंचानं घेतला. तो म्हणाला, "काका, किल्लारीनंतर आपल्याकडं कुणी माती-लाकडाचं नाव काढत नाही. तुम्ही आम्हाला परत तिकडंच नेताय."

किल्लारीचा भूकंप: ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. त्या वेळी जे जाणते होते त्यांना पुढं काही सांगावं लागत नाही. हजारो माणसं घरांखाली गेली आणि पुढं ५२ गावं जागा बदलून नव्यानं वसवावी लागली. त्या भागातल्या माणसाला "कुजेल, पण चालेल" हे वाक्य ऐकवू नये हे मलाही कळतं. लोकांना तेव्हापासून पक्कं हवं आहे. ही हौस नाही, ती भीती आहे, आणि ती रास्त आहे.

पण त्या रात्री पडलं काय आणि राहिलं काय, हेही बघितलं पाहिजे. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. सागवानी खांब, त्यांच्यावर तुळया, आडव्या कड्या, वर किलच्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा थर. गळती लागली की माणसं त्याच्यावर आणखी पांढरी माती टाकायची. पिढ्या न् पिढ्या टाकून टाकून छताचं वजन वाढत गेलं. भिंती दोन-दोन, तीन-तीन हात रुंद, पण दोन्ही तोंडं वेगळी रचलेली आणि मधे गोटे-मातीची भर. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगडच नाही. जमीन हलली तशी दोन्ही तोंडं दोन बाजूंना सुटली. पुष्कळ घरांत खांब-तुळयांचा सांगाडा मात्र जागच्या जागी उभा राहिला आणि माणसं भिंतीच्या दगडांखाली सापडली. नंतर आलेल्या इंजिनिअर लोकांनी हे नोंदवून ठेवलंय. म्हणजे जे कायमचं वाटत होतं, ज्याच्या जाडीवर गावाची इभ्रत मोजली जायची, त्यानंच घात केला. ज्याला वाळवी लागते, ज्याला आपण कच्चं म्हणतो, ते सांध्यासांध्यातून हललं, कुरकुरलं आणि उभं राहिलं.

बैठकीच्या कडेला एक मावशी बसलेल्या होत्या, माहेर औसा तालुक्यातलं. त्या सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "आमच्या वाड्याचं लाकूड पडलं न्हाई. अजून हाय ते, कडब्याखाली." पुढं त्यांनीच ते दिलं. लाकडाचा प्रश्न आमच्यापुढं होताच. किनवट-माहूरकडं चांगलं सागवान आहे, पण उतार वाचवायला जंगलाला हात लावायचा म्हणजे पहिल्याच पायरीला धर्म बुडाला. वेडी बाभूळ गावोगाव माजलीय, लाकूड चिवट, पण तिच्यातून सरळ वासा निघत नाही. तेव्हा आखूड ओंडके वेड्या बाभळीचे आणि लांब वासे मावशींच्या माळवदाचे असं ठरलं. कड्यांवर किलच्या टेकल्याच्या खुणा तशाच होत्या, एका ओळीत, बोटाएवढ्या अंतरावर. चुलीच्या धुरानं एक बाजू काळी कुळकुळीत, दुसरी बाजू मधाच्या रंगाची. एका खांबाला कडी ठोकलेली होती, पाळणा टांगायची. सुतारानं विचारलं, काढू का? मावशी म्हणाल्या, राहू दे. ती आता मातीत आहे.

तरुण पंचाला मी जे सांगितलं ते इथंही सांगतो, कारण ह्या भिंतीचं गुणगान ऐकून कुणी भलतीकडं तिचा प्रयोग करायचा. ही भिंत पुरुष-दीड पुरुष उंचीच्या वरवरच्या घसरणीसाठी आहे. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यात माळीणवर जसा डोंगर आला, तशा डोंगरापुढं तिचं काही चालत नाही. तिथं माणसांनी आधी उठून दुसरीकडं जाणं एवढाच उपाय. काळ्या मातीतही हा उद्योग करू नये. काळी उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते आणि फुगली की दगडी भिंतसुद्धा ढकलून देते. मुरमाड उतार असेल तर मात्र ती सिमेंटच्या भिंतीहून एका बाबतीत उजवी. सिमेंटची भिंत पाणी अडवते. तिची निचऱ्याची भोकं दोन पावसाळ्यांत बुजतात, पाठीमागं पाणी साठतं, भिंतीला पोट येतं आणि मग एका रात्रीत ती आडवी होते. जाळीच्या भिंतीतून पाणी झिरपून जातं, आणि जे राहतं ते झाडं पितात.

मी लिंगायत घरात जन्मलो, गळ्यात इष्टलिंग आहे. आमच्या लातूर जिल्ह्यातून बसवकल्याण किती लांब? तिथं बाराव्या शतकात बसवण्णांनी दगडी देवळापेक्षा माणसाचा चालताबोलता देह मोठा मानला. स्थावराला खाली आणि जंगमाला वर बसवलं. बैठकीतल्या एका प्रवचनकारांनी हा धागा लगेच उचलला. म्हणाले, "वा! म्हणजे सिमेंटची भिंत स्थावर आणि तुमची जंगम. बसवण्णांच्या मठाला हीच शोभते." टाळी पडली. मला ती टाळी रुचली नाही. वादात माझीच बाजू घेतली होती त्यांनी, पण एवढ्या स्वस्तात नको होती.

कारण पहिली काही वर्षं त्या भिंतीत जिवंत असं काही उतार धरत नसतंच. पहिल्या वर्षी निर्गुडीची मुळं दोऱ्याएवढी असतात, त्यांनी मातीचं ढेकूळसुद्धा धरवत नाही. धरतं ते मेलेलं लाकूड. खाचेत बसलेलं, सळईनं ठोकलेलं, संपूर्ण स्थावर. ते जागेवरून हललं तर फांद्या मरतात. म्हणजे स्थावर खोटं आणि जंगम खरं, अशी वाटणी इथं होत नाही. मला जे दिसतं ते वेगळंच: स्थावरानं आपला काळ ओळखून काम करायचं. लाकडाला वाळवी लागते त्याच वेगानं मुळं जाड व्हावीत, एकाचा भार दुसऱ्यानं कधी उचलला हे बाहेरून कळूही नये. हे जुळलं तर भिंत. लाकूड आधी गेलं तर दरड. लाकूड फार टिकाऊ करायला गेलं, जळकं ऑइल पाजलं, तर तेच ऑइल मुळांच्या वाटेत येतं. म्हणून आम्ही नुसते बाभळीचे बुडखे जाळून काळे केले, शेतकरी कुंपणाच्या खुंटाला करतात तेवढंच, आणि बाकी लाकूड तसंच ठेवलं.

गुरूबद्दल आपण हेच मानत आलोय ना? शिष्य उभा राहीपर्यंत आधार द्यायचा आणि मग बाजूला व्हायचं. मठात बसून हे बोलायला सोपं, मठाधिपतींना पचवायला अवघड. हे मी त्या दिवशी बोललो नाही, इथं लिहितोय.

आणखी एक गोष्ट त्या टाळीत बुडाली असती. "सगळंच नाशवंत" ह्या वाक्याचा आमच्याकडं फार गैरवापर होतो. पूल वर्षात खचला की ठेकेदार हेच म्हणतो, फक्त दुसऱ्या शब्दांत. ठरवून, हिशेब करून कुजू दिलेलं लाकूड वेगळं आणि मुळातच नासकं वापरलेलं वेगळं. हा फरक ज्या बोलण्यात पुसला जातो ते अध्यात्म नव्हे, ती पळवाट.

हे नेमकं कुणी सांगितलं तर गवंडीदादांनी. ओट्याखालची सिमेंटची भिंत त्यांच्याकडं होती. बौद्ध आहेत, दरवर्षी विपश्यनेला जाऊन बसतात, बोलतात कमी. ते म्हणाले, "सायेब, अनित्य आहे हे आम्हीपण म्हणतो. पण मग पुढच्या उन्हाळ्यात ह्या फांद्यांना पाणी कोण घालणार, ते ठरलंय का?"

सगळे गप्प. लातूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पाणी घालणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगायला हवं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टेकाडावर नळ नाही, हापसा खाली रस्त्याच्या तोंडाला. चैत्र-वैशाखात खालून कळशी वर न्यायची, तीही माणसाला प्यायला नाही, झुडपाला. कोण नेणार? आणि का नेणार?

अप्पांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सापडलं, गवंडीदादांच्या प्रश्नात. शास्त्रात कर्माचे प्रकार केलेत, त्यात एक काम्य आणि एक नित्य. काम्य म्हणजे फळासाठी केलेलं. पुण्य हवं म्हणून तलाव बांधला, मुलगा हवा म्हणून नवस केला. नित्य म्हणजे रोजचं. मीमांसक म्हणतात, नित्यकर्म केल्यानं वेगळं काही पदरात पडत नाही, पण चुकवलं तर दोष लागतो, त्याला प्रत्यवाय म्हणतात. मला वाटतं आपण पूर्ताला नेहमी काम्याच्या खात्यात टाकलं. बांधलं, नारळ फोडला, नाव कोरलं, पुण्य जमा. त्यानंतरचा गाळ काढणं, भोकं मोकळी करणं, पाणी घालणं, ह्याला खातंच नाही. सरकारी भाषेतही तसंच. माझ्या सगळ्या नोकरीत बांधायला पैसा यायचा, देखभालीला हेडच नसायचं. बंधारा फुटला की पुन्हा नवा मंजूर व्हायचा, नव्या कोनशिलेसकट. नव्या बंधाऱ्यात पुण्य आहे. जुन्याच्या सांडव्यातला दगड जागेवर बसवण्यात नाही.

कुजणारी भिंत हा सगळा हिशेब उलटा करते. तिच्यात बांधणाऱ्याचं श्रेय थोडं आणि राखणाऱ्याचं काम फार. ती पूर्ताला काम्यातून काढून नित्यात टाकते.

हे नांदेडच्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. तिथल्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याची आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ च्या दरम्यान बांधवली. बघायला देशोदेशीचे लोक येतात, डोळे दिपतात. पण त्या जागेचा प्राण मला विचाराल तर गागरीत आहे. रोज, अगदी अपरात्री, एक सेवक गोदावरीवर जातो, गागर भरून आणतो आणि त्या पाण्यानं तख्ताला स्नान घडतं. थंडी असो, पूर असो. काल आणलं होतं म्हणून आज चालत नाही. महाराजांचं नाव इतिहासात आहे. गागर आणणाऱ्याचं नाव दर्शनाला आलेल्याला ठाऊकही नसतं. माझ्या मते ती वास्तू दोघांच्याही जिवावर उभी आहे, पण एक दिवसाचा खाडा झाला तर चुकल्याचुकल्यासारखं होईल ते गागरीवाचून.

अप्पांना मी हे सांगितलं, मीमांसेसकट. अप्पा खो खो हसले. "लिंगायताच्या पोटी येऊन मीमांसा सांगतोस व्हय? आपल्याकडं कायक हाय की. रोजचं काम हीच पूजा. एवढं लांब कशाला गेलास?" मी गप्प बसलो. त्यांचं बरोबर होतं. पण मी लांबून गेलो म्हणून त्यांनाही ते पटलं, असं मला अजून वाटतं. "चालतं मग," अप्पा म्हणाले, "पण पाळी लावा."

पाळी लागली. मठात पूजेच्या पाळीची वही होतीच, कुठल्या आठवड्यात कुठल्या घरानं बेल, फुलं, नैवेद्य आणायचा त्याची. त्याच वहीत, त्याच पानांवर, पुढं एक रकाना वाढवला. पूजेची पाळी ज्या घराची त्याच घरानं त्या आठवड्यात भिंतीला पाणी घालायचं, मेलेली फांदी उपटून नवी टोचायची, चौकटीतून माती वाहिली असेल तर परत भरायची. मतभेद झाले. देवाची पूजा आणि झुडपाचं पाणी एका वहीत कशी, असं काहींना वाटलं. शिवाय पूजेच्या पाळीत सगळ्या जातींची घरं नाहीत हेही वही उघडल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. गवंडीदादांनी पाण्याच्या पाळीत आपलं नाव घालायला सांगितलं आणि मग पूजेचा रकाना त्यांच्या नावापुढं कोरा दिसायला लागला. तो प्रश्न अजून मिटलेला नाही. भिंतीमुळं तो वहीत आला, एवढं खरं.

भिंत उभी आहे. गिरीपुष्पाचे बरेच दांडके पहिल्याच उन्हाळ्यात वाळले, निर्गुडी तगली, वाळा सगळ्यांत चांगला. खालच्या थरातल्या दोन बाभळीच्या ओंडक्यांना वाळवी लागलीय, बोटानं दाबलं तर भुसा निघतो. तिथं निर्गुडीचं मूळ मनगटाएवढं झालंय. मावशींच्या तुळयांना अजून काही झालेलं नाही. सिमेंटच्या भिंतीला काही अडचण नाही. गवंडीदादांनी निचऱ्याची भोकं मोठी ठेवली आणि पाळीच्या वहीत तीही लिहायला लावली, वर्षातून एकदा सळई घालून मोकळी करायची म्हणून. तिच्यावर कोनशिला आहे.

तुमच्या गावात देवळाकडं, मठाकडं, विहाराकडं की दर्ग्याकडं जाणारा रस्ता रुंद करायचं घाटत असेल, तर पहिलं म्हणजे कड उभी कापू देऊ नका. तासाचे चार पैसे जास्त द्या, पण ढाळ द्यायला लावा. भिंत लागणारच असेल तर माती बघून सिमेंटची बांधा नाहीतर लाकडाची, पण नारळ फोडायच्या आधी पाळीची वही काढा आणि तिसऱ्या वर्षाच्या चैत्र-वैशाखाची नावं त्याच बैठकीत लिहून घ्या. नावं मिळाली नाहीत तर काम पुढं ढकला. निर्गुडीच्या फांद्या कुणीही फुकट देतं. त्या आधी तोडून ठेवू नका. मृगाचा पाऊस लागला की सकाळी तोडायच्या आणि दुपारच्या आत मातीत घालायच्या.